दोन थरांमधली शिडी

ब्लॉक विकला की यार्डातली तेवढी जागा रिकामी होते. किस्सा मात्र शंभर जणांना सांगा, तो आपला तिथंच! आदिलाबाद जिल्ह्यात गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला माझं सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं यार्ड आहे, आणि खरं सांगते, तिथं ब्लॉकांपेक्षा किश्शांच्याच थप्प्या जास्त झाल्यात. त्यातले निम्मे एकाच इमारतीचे आहेत. बेल्याकडच्या एका गावात अभ्यासिका बांधली, तिचे. आणि सगळे एकाच वस्तूवरून. ती वस्तू ऐकाल तर म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी ही बाई एवढी तापते? तापते! का तापू नये?

ती वस्तू म्हणजे शिडी. चढायची नव्हे. दोन लांब तारा समांतर आणि त्यांना मध्ये हात-हातभर अंतरावर वेल्ड केलेल्या आडव्या तारा, म्हणून गवंडी तिला शिडी म्हणतात. ब्लॉकचे दोन थर झाले की मालात, म्हणजे सिमेंट-वाळूच्या गाऱ्यात, ती झोपवायची आणि पुढचा थर चढवायचा. कारण सिमेंटचा ब्लॉक सुकताना किंचित आक्रसतो. शिवाय आमच्याकडे जानेवारीत शेकोटीजवळून उठवत नाही आणि मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही. लांब भिंत बिचारी सारखी आखडते, सैल होते आणि एक दिवस फाटते. ही तार तिला धरून ठेवते. बस, एवढंच! हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

पण भिंत फाटली की लोक शिडी टाकली होती का, हे विचारत नाहीत. थेट माझ्या यार्डात येतात. "मॅडम, तुमचे ब्लॉक असे कसे वो?"

*

अभ्यासिकेचं मनावर घेतलं ते वंदनाताईंनी. त्या त्याच गावच्या, सरकारी शाळेत शिक्षिका. गावातली पोरंपोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास विहाराच्या ओट्यावर बसून करायची, ऊन आलं की सरकत सरकत सावलीकडे जायची. ताईंना ते बघवेना. दारोदार फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली, जागा मिळवली, कमिटी केली. कमिटी झाल्यावर अर्थातच अध्यक्ष दुसराच कोणी झाला! दौलतभाऊ. शेती भरपूर, आवाज त्याहून भरपूर.

दौलतभाऊंना विटा हव्या होत्या. ताई म्हणाल्या, ब्लॉकचं काम लवकर होतं, पोरांचं पुढचं वर्ष तरी वाया जाणार नाही. बराच वाद झाला. शेवटी दौलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "ठीक हाय ताई. तुमच्या शब्दावर ब्लॉक. पन भित फाटली, तं पुन्हा गावच्या कोनत्या कामात तोंड घालाचं नाई. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाल्या.

ब्लॉकचा भाव सांगायला मीही तिथंच बसले होते. बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, "ताई, असा शब्द देतात का कधी? भिंत बांधणार दुसराच, आणि मान तुमची अडकणार!"

"मंग काय करू बाई? नाई मनलं असतं तं अभ्यासिकाच झाली नसती."

त्या दिवसापासून ती भिंत माझी झाली. माझे ब्लॉक तर होतेच, पण आता त्या बाईचा गावातला शब्द त्यात चिणला जाणार होता.

*

आता शिडीत दोन प्रकार येतात. एक ही साधी. दुसरीत दोन तारांच्या मधून तिरपी तार नागासारखी वळत जाते, तिला आम्ही नागमोडी म्हणतो. दोन्ही नमुने घेऊन मी कमिटीपुढे गेले. दौलतभाऊंनी एकेक नमुना हातात घेऊन भाजीवाल्यासारखा तोलला.

"ही नागमोडी जड हाय. जड म्हंजे मजबूत."

मी म्हटलं, "भाऊ, आपला ब्लॉक पोकळ आहे. कोपऱ्यात आणि दाराच्या बाजूला त्याच्या भोकातून उभी सळई जाणार, वरून काँक्रीट ओतणार. नागमोडीची तिरपी तार नेमकी भोकावर आडवी येते."

कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा वंदनाताई उठल्या. शाळेतल्या बाईच त्या! ब्लॉक टेबलावर ठेवला, त्यावर नागमोडी ठेवली आणि वरून सळई सोडली. सळई अडकली. मग साधी शिडी ठेवली. सळई सरळ खाली गेली आणि टेबलावर ठक्क वाजली. आता तरी मिटलं, असं मला वाटलं.

दौलतभाऊंनी मान डोलावली. "समजलं. मंग ताई, सळईच थोडीशी वाकवून घेऊ ना!"

आणि लगेच मतदान! हात वर करा! अहो, सरपंच निवडायचाय का? लोखंडाला कधी मतदान असतं? पण झालं. नागमोडी भरघोस मतांनी निवडून आली. पाच मिनिटांपूर्वी अडकलेली सळई ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांनीही हात वर केले!

शेवटी भिंतीत साधी शिडीच गेली. त्याचं कारण एकच. नागमोडी आदिलाबादला कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

*

साधी तरी कुठं नीट मिळत होती! आदिलाबादच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी आणि ताई गेलो. शेठनं शिडी काढली. काय ती चमक! मी म्हटलं, जस्त चढवलेलं आहे ना? मालात ओल असते, साधी तार आत गंजते, फुगते आणि सांधाच फोडते.

"एकदम गॅरंटी, मैडम!"

मी अंगठ्यानं तार घासली. अंगठा चंदेरी झाला! नुसता पेंट मारलेला होता हो! मी तो अंगठा शेठच्या नाकासमोर धरला. "ये क्या है?"

माणूस जरा तरी वरमेल की नाही? उलट माझ्यावरच चिडला. "तो आप हाथ मत लगाओ ना, मैडम! दीवार में जाने के बाद कौन हाथ लगाएगा?"

मग त्यानं दुसरी काढली. ती एवढी जाड, की सांध्यात फक्त तीच मावली असती. ब्लॉकचा सांधा असतो करंगळीएवढा. तारेच्या खाली माल पाहिजे, वर माल पाहिजे. ताईंनी अगदी शांतपणे विचारलं, "भैया, फिर मसाला किधर डालना?"

"साइड में डालो!"

ताई हसल्या. मला हसू येत नव्हतं. शेवटी निजामाबादहून खरी जस्त चढवलेली मागवली. ती यायला वेळ लागला, तर गावात बोभाटा काय झाला? बाया नुसत्या दुकानं फिरून राह्यल्या म्हणे!

*

शिडी आली. गठ्ठे साइटवर उतरवून घेतले आणि मी यार्डात परत आले. पुढच्या आठवड्यात गेले, तर निम्मे गठ्ठे गायब! मी मेस्त्रीला विचारलं, त्यानं गावाकडे हात केला.

दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे. गावात शिरले, तर पहिल्याच अंगणात दोन खाटांवर आमची शिडी आडवी, तिच्यावर धोतर, आणि धोतरावर कुरडया! पुढच्या घरी शिडीवर दोडक्याचा वेल चढत होता. त्याच्या पुढं वासराच्या खोपटाला फाटक झालं होतं. एकानं तर ती कौलांवर डिशच्या छत्रीला आधार म्हणून बांधली होती. निजामाबादहून मागवलेली माझी शिडी अख्ख्या गावात लागली होती, फक्त भिंतीत लागली नव्हती!

मी चालू पडले भांडायला. कुरडयावाल्या गजराबाई मला म्हणाल्या, "काऊन ओरडून राह्यली वो बाई? येवढी चांगली वस्तू भितीत गाडून नासून राह्यले तुमी. इथं कामी तं येते!"

खरं तर त्यांचा राग मला येत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. वंदनाताई घरोघर गेल्या, प्रत्येकीला समजावलं, आणि बायांनी निमूट शिडी आणून दिली. गजराबाईंनी तेवढी मुदत मागितली, "कुरड्या वाळू दे माय, मंग नेजो."

राग येतो तो दौलतभाऊंचा! त्यांच्या अंगणात भाजीच्या वाफ्याला चारी बाजूंनी आमचंच कुंपण. ताईंनी मागितलं, तर म्हणतात कसे, "सगळ्यांकडची घ्या. माझी तं राहू द्या! अध्यक्षाला काई मान हाय का नाई?"

*

मल्लेश मेस्त्री तेलुगू माणूस, आमच्याशी तोडकंमोडकं मराठी बोलतो. हात सोन्याचा. ओळंबा लावून बघा, त्याची भिंत केसभर हलणार नाही. पण शिडीचं नाव काढलं की एकच मंत्र, "एम कादु!" म्हणजे काही होत नाही. शिडीचे दोन तुकडे एकमेकांवर वीतभर चढवायचे, तर यानं टोकाला टोक लावून ठेवले. "मेस्त्री, सुटे राहिले ना!" "एम कादु, मॅडम!" कोऱ्या ब्लॉकवर शिडी ठेवली आणि वरून माल. "मेस्त्री, खाली पण माल पाहिजे!" "एम कादु!" खरं सांगू? आपल्याकडच्या अर्ध्या इमारती या दोनच शब्दांवर उभ्या आहेत!

कोपरा आला. चारही कोपऱ्यांत शिडी कापून सोडून दिलेली. कोपऱ्यातच तर तिची खरी गरज! दोन्ही भिंतींना धरणारी तार वळवून टाकावी लागते. मी वरचे थर उतरवायला लावले. माल ओला होता म्हणून जमलं तरी! मेस्त्रीनं हातातली करणी आपटली. मजूर माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी कोणाच्या लग्नात विघ्न आणलं.

मी विचारलं, "मेस्त्री, परवा तुम्ही स्वतःचं घर बांधलं ना? त्यात शिडी टाकली?"

"टाकला ना मॅडम! सगळा कोपऱ्यात वाकवून टाकला. मजबूत!"

"मग इथं का नाही टाकली?"

"इथं कोनी बोललाच नाई!"

*

अभ्यासिकेला थोडी सरकारी मदत होती, म्हणून एक दिवस साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. गाडीतून उतरले नाहीत. काच अर्धी खाली केली, भिंतीकडे पाहिलं.

"लोहा किधर है?"

मी म्हटलं, "साहेब, सांध्यात आहे. मालाच्या आत."

"दिखता नहीं."

"साहेब, दिसलं तर ते चुकलं! चारी बाजूंनी झाकलेलं असायलाच पाहिजे. काम चालू असताना यायचं होतं, प्रत्येक थर दाखवला असता."

साहेब माझ्यावर खेकसले, "मैडम, जो दिखता नहीं, वो मैं लिखूँ कैसे?" काच वर गेली. गाडी गेली. ज्या बाईनं एकेका थरावर उभं राहून शिडी टाकून घेतली, तिच्याच भिंतीत लोखंड नाही!

दौलतभाऊंनी मात्र तोड काढली. पुढच्या मुआयन्याला मी पोचते तर काय, भिंतीला काटे फुटलेले! उरलेल्या शिडीचे बोटबोटभर तुकडे कापून बाहेरून प्रत्येक सांध्यात ठोकले होते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. उभ्या सांध्यांतसुद्धा! जोत्याच्या दगडांतसुद्धा! साळिंदरसुद्धा लाजलं असतं.

या खेपेला साहेब गाडीतून उतरले. काट्यांसमोर उभे राहून फोटो काढून घेतला. "ऐसा होना काम!"

मी ताईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक एका काट्यातून सोडवत होत्या.

*

आणि आता हा शेवटचा.

चार भिंती उभ्या राहिल्या, काटे उपटून टाकले, वर छत झालं, अख्खा उन्हाळा गेला. बेल्याकडे माल पोचवायला गेले की मी वाट वाकडी करून अभ्यासिकेवर जायची. लांब भिंतीसमोर उभी राहायची, डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो बघतो तशी बघायची. एक बारीक रेघ नाही! उद्घाटनाची वाट न बघता वंदनाताई रविवारी पोरांना शिकवायला यायच्या, तेव्हा जाता जाता त्या भिंतीवरून हात फिरवायच्या. पाऊसही गेला. भिंत जशीच्या तशी.

मग उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी दौलतभाऊंनी नावांचा दगड आणला. संगमरवरी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सदस्य, सल्लागार, आणि खाली 'विशेष सहकार्य' म्हणून दौलतभाऊंचे जावई, जे पुण्याला असतात आणि ज्यांनी ही इमारत अजून बघितलेली नाही! वंदनाताईंचं नाव? कुठंच नाही. मी तीनदा वाचलं.

तेही एक वेळ सोडा. दगड भिंतीवर चिकटवून टाकायचा की नाही? नाही! "आत बसवला म्हंजे शोभते," दौलतभाऊ म्हणाले. ताई शाळेत, मी यार्डात. आम्हाला कोण विचारतंय? लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर ग्राइंडर चालवला आणि चौकोन कापला. माल कापला, ब्लॉक कापला, आणि त्यातून आरपार गेलेल्या शिड्या खटाखट कापल्या. ताईंचा फोन आला तेव्हा दगड बसून गिलावाही झाला होता.

मी दौलतभाऊंना फोन केला. फोन कसला, आरडाओरडाच केला. "भाऊ, तुम्ही भिंतीच्या तारा कापल्या!"

"दोन-चार तारा तं हाय, मॅडम! बाकीची भित हाय ना धरून!"

उद्घाटन झालं. हार झाले, भाषणं झाली. वंदनाताईंना पाण्याच्या व्यवस्थेवर ठेवलं होतं.

थंडी पडली. आणि पडली भेग! दगडाच्या खालच्या कोपऱ्यातून निघाली ती तिरपी जोत्यापर्यंत. वरच्या कोपऱ्यातून निघाली ती छतापर्यंत. मला हे कळलं ते कमिटीच्या निरोपानं, 'ब्लॉकचा जाब द्यायला या.'

मीटिंग अभ्यासिकेतच होती. भिंतीकडेनं पोरंपोरी पुस्तकं उघडून बसलेली, मध्ये खुर्च्यांवर कमिटी. दौलतभाऊंनी मला बसूही दिलं नाही. "मॅडम, तुमचे ब्लॉक फाटले." मग ते ताईंकडे वळले. "ताई, शब्द आठवते ना?"

मी जी उसळले! ताईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. आवाज वर्गात असतो तसाच. "आठवते भाऊ. मले फक्त येवढं सांगा, या चार भिती. त्यात आजून कुठं फाटली?"

सगळे बघायला लागले. सचिव उठून चारही कोपरे बघून आले. दाराच्या बाजू बघितल्या, खिडक्यांचे कोपरे बघितले. कुठंच काही नाही. मग एकेकाची नजर भेगेवरून वर चढली आणि दगडाच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. दुसरी भेग वरून खाली आली, ती पण तिथंच. गजराबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, हे तं दगडातूनच निंगली!"

पोरांनी पुस्तकातून माना वर केल्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस निदान खाली तरी बघेल.

दौलतभाऊंनी घसा खाकरला. "हे पाहा, झालं ते झालं. आता असं करू. याच्यापेक्षा मोठा दगड आनू. थेट छतापासून जोत्यापर्यंत! भेग सगळी झाकून जाते. आनि..." ते ताईंकडे बघून मोठ्या मनानं हसले. "आनि जागा बी मोठी होते. तं त्याच्यावर आपल्या ताईचं बी नाव टाकू!"

कमिटी खूश! सचिवांनी तर टाळी वाजवली. आणखी कापणार हे, वरपासून खालपर्यंत! आणि उपकार करणार!

वंदनाताई उठल्या. दगडासमोर गेल्या. वरून खालपर्यंत सगळी नावं शांतपणे वाचली, मग बोटानं भेगेचा माग काढत खाली जोत्यापर्यंत वाकल्या. मागं वळून एकदा पोरांकडे बघितलं.

"नाव नको, भाऊ. आनि भेग राहू द्या तशीच. अभ्यासिका हाय ना ही!"